पेट्रोल अडतंय कुठे?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर आणि टाकीतलं पेट्रोल ओढणारा, इंजिनाच्या अंगालाच बसवलेला पंप. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. घरोघरी जपलेल्या गाड्या मात्र आहेत, आणि दादरहून झोकात निघालेली गाडी सायनच्या ट्रॅफिकमध्ये आचके देत बंद पडते, ही तक्रारही आहे.

अशा वेळी लगेच कार्बोरेटर खोलू नका. इंजिन थंड होऊ द्या, एअर क्लीनर काढा, आत बघत थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी कार्बोरेटरची झडप) हाताने झटकन फिरवा. पेट्रोलची बारीक धार उडाली, तर पेट्रोल इथवर पोचलंय, स्पार्क तपासा.

धार नाही? कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत सोडा. ठिणगी पडू नये म्हणून स्पार्क देणाऱ्या कॉइलची वायर आधी काढायची, जवळ विडी-सिगारेट नको, आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. दहा सेकंद सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने, जोरात यायला हवं.

सोबत बुडबुडे आले, तर टाकी ते पंप यांच्यामध्ये कुठेतरी हवा ओढली जातेय. इथे भलेभले फसतात. हा भाग पेट्रोल खेचणारा. त्यामुळे नळीला चीर असली तरी गाडी चालू असताना थेंब गळत नाही, उलट हवा आत शिरते. नळी बोटांनी वाकवून बघा, केसाएवढ्या भेगा उघडतात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकेल असंच नवं रबर घाला, क्लिपाही बदला.

काहीच आलं नाही, तर पंपाची टाकीकडची नळी काढून तिथे दुसरी जोडा, तिचं टोक स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवा. आता ओढतोय? मग पंप चांगला आहे, अडथळा मागे आहे. तरीही ओढत नसेल, तर इंजिन ऑईल मोजायची डिपस्टिक काढून वास घ्या. ऑईलला पेट्रोलचा वास म्हणजे बहुधा पंपातला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा पडदा, फाटलाय. डायफ्रामबरोबर ऑईलही बदलाच. पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं.

वीसेक मिनिटांनी बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारी गाडी वेगळी. बंद पडताक्षणी आधी टाकीचं झाकण उघडा. 'स्सss' करून हवा आत गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. आवाज नसेल तरच पंपावर ओलं फडकं ठेवा. त्याने गाडी लगेच सुरू झाली, तर उष्णतेने नळीत वाफ अडकत होती. दोन्ही एकदम केलंत, तर दोष कशात होता ते कळणारच नाही.

पेट्रोलच्या फिल्टरमध्ये तांबडी पूड दिसली, तर तो गंज. टाकी उतरवून धुतल्याशिवाय नवा फिल्टर घालू नका, तोही तुंबेल.