मासा लागत नाही, तरी दर रविवारी गरी घेऊन काहून जाता? | तुमच्या कमेंटचं उत्तर

नमस्कार मंडळी. आज तलावावर नाही, घरीच बसून बोलून राहिलो. नवतपा सुरू आहे अन् कूलर बंद करून बसलोय, कारण मागच्या वेळी "भाऊ, आवाज नाही, नुसता कूलर ऐकू येते" असे वीसेक कमेंट आले होते. तेव्हा घाम दिसला तर समजून घ्या.

मागच्या व्हिडिओत आम्ही वडगाव धरणाच्या पाण्यावर आठ तास बसलो अन् एक मासा लागला नाही. एक पण नाही. मी तो व्हिडिओ तसाच टाकला. त्याखाली तुम्ही लोकांनी जे धुतलं मला! निम्म्या कमेंट एकच: "दर रविवारी रिकाम्या हाताने येता, तरी काहून जाता?" एका भावाने लिहिलं, "दादा, भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात जा, अर्ध्या तासात दोन किलो रोहू घेऊन घरी." त्या भावाला उत्तर देणार आहे, थांबा.

आधी नवीन लोकांसाठी पटकन. गरी म्हणजे काडी, तंगूस (नायलॉनचा धागा), पाण्यावर तरंगणारा तरंगा, वजनाला शिसं, हुक अन् आमिष. आमिषाला कणिक नाहीतर गांडूळ. तलाव बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असतात, आधी विचारा, मग बसा. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गरीचं नाव पण काढायचं नाही. झालं. बाकी जुन्या व्हिडिओत आहे.

आता मुद्दा. एकच आहे, पण लोकं तो समजूनच घेत नाहीत, म्हणून मी तीनदा सांगीन. मासे पकडायला जायचं कारण वेगळं असतं, अन् खूश होऊन परत यायचं कारण वेगळं असतं. तुम्ही दोन्ही एकच समजता, म्हणून गडबड होते.

लग्नाचं घ्या. तुम्ही कोणाच्या लग्नाला जेवायला जाता का? नाही न. नातं आहे, बोलावणं आहे, चार लोकं भेटतात, म्हणून जाता. पण तिथे पनीर संपलं अन् पुरी थंड मिळाली, की पुढची पाच वर्षं त्या लग्नाची एकच गोष्ट सांगता. "त्यांच्याकडे? अरे, जेवण पाहिलं होतं का!" मग तुम्ही जेवायलाच गेले होते का? नाही. पण तुमचं तोंड वाकडं कशाने झालं? जेवणाने. अन् त्याच घरातलं दुसरं लग्न निघालं तर जाणार की नाही? जाणार. बस, इतकंच सांगून राहिलो मी.

हे मी माझ्या मनाने बोलत नाही. जर्मनीत रॉबर्ट आर्लिंगहाऊस नावाचे संशोधक आहेत, गरीवाल्यांवरच काम करतात. त्यांचा २००६ सालचा अभ्यास नेमका यावरच आहे. तिथल्या गरीवाल्यांना विचारलं, काहून जाता? तर शांतता, निसर्ग, रोजच्या कटकटीतून सुटका ही कारणं वर, अन् मासा मिळणं खाली. मग विचारलं, समाधानी आहात का? तेव्हा समाधान मात्र मासा मिळाला की नाही यावर जाऊन अडकलं. म्हणजे जर्मन माणूस पण आपल्यासारखाच. निघताना साधू, परतताना हिशोबनीस.

आता भोईपुऱ्यावाल्या भावाकडे येतो. भाऊ, बाराव्या शतकात कल्याणीला चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होता. त्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाने काय खावं, काय ल्यावं, कसा वेळ घालवावा, सगळं आहे. अन् त्यात एक प्रकरण आहे, मत्स्यविनोद. गळाने मासे पकडण्यावर! कोणत्या माशाला काय खायला घालायचं ते पण दिलंय. नाव पाहा: विनोद. म्हणजे करमणूक. आता त्या राजाला रोहू विकत घेणं परवडत नव्हतं का? हुकूम सोडला असता तर टोपलीभर मासे दारात आले असते. तरी त्याच्या ग्रंथात गळ टाकून बसायचा विचार आहे. तेव्हा पुढच्या वेळी "विकत घे" लिहायच्या आधी नऊशे वर्षं मागे जाऊन राजाला सांगा, मग मला सांगा.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलतो. कामठीकडे कन्हानच्या काठावर एक ढीवर काका भेटायचे. मी महागाची रील लावून बसलेलो, ते जाळं घेऊन आलेले. मला पाहून म्हणाले, "तू मासे धराले येतं का तरंगा पाहाले?" मी म्हटलं, काका, तरंगा पाहाले. ते हसले अन् म्हणाले, "आमच्या इथं मासा नाही आला त चूल नाही पेटत." मी गप्प. तर हा सगळा व्हिडिओ आपल्यासारख्या रविवारवाल्यांचा आहे. ज्याचं पोट त्याच्यावर आहे त्याला "तुमची प्रेरणा काय" विचारायला जाऊ नका, मार खाल.

बरं, तरंगा. काका मस्करीत बोलले, पण बरोबर बोलले. (इथे तरंग्याचा जवळून काढलेला शॉट टाकतो.) हे पाहा. आधी तरंगा थरथरतो, कोणी खालून चिमटे काढून राहिल्यासारखा. ही बारीक मासळी, कणिक कुरतडते. हिसका द्यायचा नाही. मग एकदम शांत. आता तुमचं लक्ष पाहिजे. बरेचदा बारीक मासळी बाजूला झाली म्हणजे मोठा जवळ आला, असा आमचा अंदाज असतो. अन् मग हे! पाहिलं? तरंगा बुडाला नाही, उलट वर आला अन् आडवा पडला. नवीन पोट्टे इथेच चुकतात, ते बुडायची वाट पाहत बसतात. अरे, खाली माशाने आमिषासोबत शिसं पण उचललं, तंगसावरचं वजन गेलं, म्हणून तरंगा आडवा झाला. मासा तोंडात घेऊन आहे! तळाशी खाणारा मिरगल असं पुष्कळदा करतो.

तर हे जे दोन सेकंद आहेत न, आडवा तरंगा अन् तुमचा हिसका यांच्या मधले, त्याचीच सगळी चटक आहे. हातात मासा आल्यावर तर उलट कामच वाढतं, हुक काढा, पाणी काढा, हात धुवा. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाचे मेंदूचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनवाल्या पेशी (बक्षिसाची चाहूल देणाऱ्या) किती उसळतात ते मोजलं. आधी तोंडात फळाचा रस मिळाला की पेशी उसळायच्या. पण दिवा लागला की रस मिळतो, हे माकडाला कळल्यावर पेशी दिव्यालाच उसळू लागल्या, रसाला नाही. अन् दिवा लागून रस आला नाही, तर त्या वेळेला पेशी एकदम थंड. आपला दिवा म्हणजे तरंगा. अन् सुटलेला मासा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

त्यात भर म्हणजे, कधी मिळेल याचा भरवसा नाही. बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. दर ठराविक टोचीला दाणा दिला अन् मग बंद केला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण कधी पाचव्या टोचीला, कधी साठाव्या, असा दाणा दिला, तर दाणा बंद झाल्यावरही ते टोचतच राहतं. आता सांगा, आठ तास कोण टोचत बसलं होतं वडगावला?

स्किनर यांचा १९४८ चा एक प्रयोग तर मला फार आवडतो. दाणा आपोआप ठराविक वेळाने पडतो, कबुतर काय करते याचा त्याच्याशी संबंधच नाही. तरी प्रत्येक कबुतराने स्वतःचा एक टोटका काढला. एक गोल फिरतं, एक मान झटकतं, त्यांना वाटतं त्यानेच दाणा पडला! हसू नका. माझी ती मळकी टोपी पाहिली न तुम्ही दर व्हिडिओत? तिच्यात एकदा चार किलोचा कटला लागला होता, तेव्हापासून ती धुतली नाही. अन् निघताना कोणी "कुठे चालला?" म्हणून टोकलं की संपलं. आमच्या शेजारचे काका मुद्दाम गेटवर उभे राहतात. माझी बायको टोकत नाही, पण त्याहून वाईट करते. दाराच्या मागच्या खिळ्यावरची मोठी पिशवी काढून हातात देते. "घ्या, माशांसाठी." अहो, ती पिशवी घेतली की मासा गेलाच समजा.

(वही दाखवतो.) आता तोच मुद्दा तिसऱ्यांदा. ही माझी वही. डाव्या पानावर निघताना लिहितो, काहून चाललो. उजव्या पानावर आल्यावर, कसं वाटलं. एक रविवार वाचतो. डावीकडे: "आठवडाभर ऑफिसात डोकं गेलं, जरा शांत बसायचं आहे." उजवीकडे: "एक टोच नाही. फालतू दिवस." अरे बाबा, शांत बसायला गेला होता न? आठ तास शांतच बसला न? मग फालतू कसा? आता दुसरा रविवार. डावीकडे तेच, शांत बसायचं. उजवीकडे दोन पानं भरून: मोठा लागला, दहा मिनिटं खेळवला, काठावर बेशरमाच्या झुडपात शिरला, तंगूस तुटलं. शेवटी लिहिलंय, "मजा आली." दोन्ही दिवशी घरी मासे किती? शून्य अन् शून्य. एक फालतू, एक मजा. अन् पुढचं पान उलटवा, त्या फालतू दिवसानंतर पण मी पुढच्या रविवारी गेलोच आहे, अन् डावीकडे परत तेच वाक्य आहे. परतताना मूड खराब झाला, पण जायचं जे कारण होतं ते खराब झालंच नाही. ते सोमवारी सकाळी ऑफिसात पुन्हा तयार.

म्हणजे मी "शांततेसाठी जातो" म्हणतो तेव्हा खोटं बोलत नाही. फक्त अर्धं बोलतो. तुम्ही "मासे मिळत नाहीत तर बंद कर" म्हणता, तेव्हा तुम्ही दुसरं अर्धं धरून बसता.

हे सगळ्यांचं सारखं नसतं, हे पण आहे. हॉब्सन ब्रायन यांनी १९७७ साली अमेरिकेतल्या ट्राउट पकडणाऱ्यांबद्दल लिहिलं, की नवखा कसा कोणताही मासा चालवून घेतो अन् मुरलेला माणूस पद्धत अन् जागा यांच्यासाठी हटून बसतो. आपल्याकडे पाहा न, पहिल्या वर्षी चिलापी लागली तरी स्टेटस ठेवतो. पाचव्या वर्षी म्हणतो, मला फक्त मरळ, ती पण नकली बेडकावर.

अन् मरळीचं नाव निघालं म्हणून. पावसात पाण्यावर बारीक लालसर पिल्लांचा गोळा दिसतो, त्याच्याखाली मरळ राखण करत असते. काही लोकं नेमकं त्या गोळ्यावर बेडूक फेकतात, कारण मरळ रागाने लगेच धावते. पोरं राखणाऱ्याला हुकात अडकवायचं, अन् मग थंबनेलवर "मॉन्स्टर मरळ". मागे तर पकडलेली मरळ पाण्यात परत सोडायच्या आत, दुसऱ्याच मिनिटाला, तिची पिल्लं दुसऱ्या मासळीने साफ केलेली मी डोळ्याने पाहिली. माझ्या चॅनलवर असा व्हिडिओ पाठवू नका, मी टाकणार नाही.

शेवटचा कमेंट. एका ताईंनी लिहिलंय: "बाबा रिटायर झाल्यापासून दर रविवारी गरी घेऊन जातात, रिकामे येतात अन् संध्याकाळभर चिडचिड करतात. बंद करायला सांगू का?" ताई, नका सांगू. त्यांचं जायचं कारण चांगलं आहे, ते हलवू नका. यायचं कारण दुरुस्त करा. ते मोठा हुक लावून नुसते कटल्याची वाट पाहत असतील, तर त्यांना शेजारी एक दुसरी बारीक काडी लावायला सांगा. लहान हुक, हलका तरंगा, टोकाला वाटाण्याएवढी कणिक. चिलापी, बोटरी, काहीतरी टोचत राहील. दिवसभरात दहा-बारा वेळा तरंगा हलला की माणूस वेगळाच घरी येतो. दारात "किती मिळाले?" विचारू नका. जेवायला बसल्यावर "आज तिकडे काय झालं?" विचारा, अन् मग अर्धा तास ऐकायची तयारी ठेवा. सकाळी डबा द्या, पाण्याची मोठी बाटली द्या, डोक्याला बांधायला दुपट्टा द्या, ऊन जीवघेणं आहे.

पिशवी मात्र हातात देऊ नका. खिळ्यावर राहू द्या. त्यांना लागली तर ते स्वतः काढून घेतील, कोणी पाहत नसताना. मी पण तेच करतो.