गोळी डिप्रेशनची, आजार वेगळाच

(पडद्यावर: ताटलीत गोळी, बाजूला गोळी कापायची डबी)

ही जी छोटीशी गोळी दिसतेय ना, ही ॲमिट्रिप्टिलिन, 10 मिलिग्रॅमची. क्रॉनिक फटीग सिंड्रोम या दीर्घ थकव्याच्या आजाराच्या पेशंट असलेल्या ताई तीसुद्धा अर्धी करतायत, म्हणजे फक्त 5. डिप्रेशनसाठी हेच औषध द्यायचं तर डॉक्टर साधारण 75 ते 150 मिलिग्रॅमपर्यंत जातात. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण घरातल्यांनी, नातेवाईकांनी, एवढंच काय एका डॉक्टरांनीसुद्धा पाकिटावरचं नाव बघून ताईंना सांगून टाकलं की बघ, म्हणजे सगळं मनाचंच आहे.

तसं नाहीये, आणि तेच सांगायला हा व्हिडिओ केलाय.

(पडद्यावर: स्वयंपाकघर, उंच स्टूल)

ताई पुण्यात राहतात, नाव घेऊ नका म्हणाल्या. आधी शाळेत शिकवायच्या. व्हायरल ताप आला, ताप गेला आणि थकवा राहिला तो राहिलाच. दोन पोळ्या लाटायच्या तरी स्टूलवर बसून, मग थोडं आडवं व्हायचं, मग भाजी. रात्रभर झोपून सकाळी उठलं तरी झोप झालीये असं वाटतच नाही, अंग ठणकत असतं, बोलता बोलता शब्द आठवत नाहीत. आणि जरा जास्त काही केलं, अगदी पाहुण्यांशी तासभर गप्पा मारल्या, तरी दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही नंतर अंग असं काही कोसळतं की बाथरूमपर्यंत जायला आधार लागतो. पेशंट लोक याला क्रॅश म्हणतात. हीच या आजाराची खूण. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 साली निदानाचे निकष ठरवले तेव्हा हे लक्षण असायलाच हवं असं लिहिलं. हा आजार म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, किंवा मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच एमई.

(पडद्यावर: जुने फोटो, लंडन)

आता थोडं मागे जाऊ, कारण हे "मनाचं आहे" प्रकरण कुठून आलं ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हे लंडनचं रॉयल फ्री हॉस्पिटल. आपल्याला हे नाव अनोळखी नसावं, आपल्या डॉक्टर रखमाबाई इथेच शिकल्या आणि 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, त्या काळात लंडनमध्ये बायकांना वॉर्डात शिकायला मिळायचं ते याच हॉस्पिटलमध्ये. तर 1955 च्या जुलैमध्ये इथली एक डॉक्टर आणि एक सिस्टर आजारी पडल्या, मग बघता बघता नर्सेस, विद्यार्थी, कर्मचारी असे करत नोव्हेंबरपर्यंत 292 जण आजारी. डोकं दुखणं, मान आखडणं, स्नायूंमध्ये वेदना, अंगातली ताकदच गेलेली. हॉस्पिटल जुलैच्या शेवटी बंद करावं लागलं ते थेट ऑक्टोबरमध्ये उघडलं. आणि विचित्र गोष्ट म्हणजे तिथे आधीपासून ॲडमिट असलेल्या पेशंटपैकी फक्त 12 जणांना झालं! एमई हे नाव त्यानंतरच्या वर्षी, 1956 मध्ये, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयातून आलं. 1969 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांमध्ये घातला.

आणि मग 1970. मॅकएव्हेडी आणि बिअर्ड हे दोन मानसोपचारतज्ज्ञ, यांनी त्या पेशंटना स्वतः तपासलं नाही, जुने केसपेपर वाचले आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की हा सामूहिक हिस्टेरिया होता, आणि त्यांच्या कारणांपैकी एक काय, तर आजारी पडलेल्यांमध्ये बायका जास्त. बस. ते जे चिकटलं ते आजपर्यंत सुटलेलं नाही. 1988 मध्ये अमेरिकेत क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव ठेवलं गेलं, आणि नुसतं "फटीग" म्हटल्यावर लोकांना वाटणार काय, तर दमलीये, झोप काढ, फिरून ये.

(पडद्यावर: लोह आणि टॉनिकच्या बाटल्या)

आपल्याकडे तर बाई थकली म्हणाली की पहिली आयर्नची गोळी. गोव्यात 18 ते 50 वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी झाली होती, 2005 मध्ये छापून आली. त्यात जवळपास 12 टक्के बायका सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेल्या होत्या, आणि या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध सापडला नाही. सापडला तो गरिबीशी, घरातल्या जाचाशी, मानसिक त्रासाशी. म्हणजे थकव्यामागे मन असूच शकतं, कुणी नाकारत नाही. पण तो सरसकट थकवा झाला, त्यात ताईंसारखे क्रॅश होणारे पेशंट हा वेगळा आणि छोटा गट आहे, आणि सगळ्यांना एकाच पिशवीत भरलं की नेमके हेच हरवतात.

(पडद्यावर: डॉक्टर कागदावर आकृती काढून दाखवतायत)

मग गोळी डिप्रेशनची का? तर या औषधाचा शोध त्या बाजूने लागला म्हणून. 1950 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिन हे औषध डिप्रेशनच्या पेशंटना देऊन पाहिलं, 1957 मध्ये ते छापलं, आणि त्याच कुटुंबातलं ॲमिट्रिप्टिलिन 1961 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. नंतर लक्षात आलं की अगदी कमी डोसमध्ये ही गोळी वेगळीच कामं करते. शरीरातलं हिस्टामिन अडवते, त्यामुळे झोप लागते. आणि मेंदूकडून मणक्यात खाली जाणाऱ्या ज्या नसा दुखण्याचा आवाज कमी करतात, त्यांना सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या मेंदूतल्या रसायनांमार्फत बळ देते. म्हणून मायग्रेनला, नसांच्या दुखण्याला, फायब्रोमायाल्जियाला, म्हणजे अंगभर दुखण्याच्या जुनाट आजाराला, ही गोळी 10-25 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. ताईंनाही झोप आणि ठणका, एवढ्यासाठीच दिलीये.

उलट बाजूही बघा. नेदरलँड्समध्ये या आजाराच्या पेशंटना खरं डिप्रेशनचं औषध, फ्लुओक्सेटिन, रोज 20 मिलिग्रॅम असं आठ आठवडे देऊन पाहिलं, 1996 मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. डिप्रेशन असलेले पेशंट होते, नसलेलेही होते, आणि दोघांनाही फायदा झाला नाही. हा आजार म्हणजे लपलेलं डिप्रेशन असता तर निदान काहीतरी फरक दिसायला हवा होता की नाही?

(पडद्यावर: ताई गच्चीवर, खुर्चीत, मनगटावर घड्याळ)

हे नंतरचं शूटिंग. आता पूर्ण गोळी, 10. झोपायच्या वेळी घेत नाहीत, रात्री आठ वाजताच घेतात, नाहीतर सकाळी डोकं जड राहतं. सलग झोप लागते, ठणका कमी झालाय. क्रॅश मात्र होतातच, त्याला ही गोळी काही करत नाही. त्यासाठी घड्याळात पल्स बघायची, वाढली की थांबायचं, याला पेसिंग म्हणतात. उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शनात हेच सांगितलंय, आजार बरा करायला कुठलंही औषध देऊ नका, लक्षणांसाठी द्यायचं तर कमी डोसपासून सुरुवात करा कारण या पेशंटना औषधं कमी सोसू शकतात, आणि आधी जो वाढत्या व्यायामाचा कार्यक्रम सुचवला जायचा तोही त्यांनी काढून टाकला.

शाळेची नोकरी गेली, घराचा हप्ता आता एकाच पगारावर आहे.

गोळीने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, वजन वाढू शकतं, उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं आणि या आजारात तो त्रास बऱ्याच जणांना आधीच असतो. हृदयाचा त्रास असेल किंवा दुसऱ्या डिप्रेशनच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध वगैरे चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि बंद करायची तरी एकदम नको, हळूहळू, डॉक्टरांना विचारून.