उन्हाळी सेवा आणि पाळकीय पाचारणाची पारख

बंधुभगिनींनो,

परीक्षा संपत आल्या आहेत आणि विदर्भातील शाळा आता जूनच्या अखेरीपर्यंत उघडणार नाहीत. या मधल्या काळात आपल्या मंडळीतील काही तरुण-तरुणी उन्हाळी सेवाकार्यासाठी नावे देणार आहेत. देव आपल्याला पाळकीय सेवेसाठी बोलावत आहे काय, म्हणजे आपल्याला तिचे पाचारण आहे काय, असा प्रश्न त्यांच्यापैकी काहींच्या मनात गेले वर्षभर आहे. काहींनी तो आई-वडिलांपाशी बोलून दाखवला आहे, काहींनी अजून कोणालाही सांगितलेला नाही. या प्रश्नाचे उत्तर एकट्याने, खोलीत बसून, मनातील उमाळ्यावरून ठरवू नये. ते सेवेत असताना आणि इतरांच्या साक्षीने शोधावे, हे मला आज सांगायचे आहे.

शमुवेलाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. शिलो येथील मंदिरात त्या मुलाला रात्री हाक ऐकू आली, परंतु ती कोणाची हे त्याला कळले नाही. मंदिरातील वृद्ध याजक एलीनेच बोलावले असे समजून तो तीनदा उठून एलीकडे धावला आणि तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात आले की मुलाला परमेश्वर हाक मारीत आहे. एलीची दृष्टी मंदावली होती, त्याच्या घरातील कारभार बिघडलेला होता, तरीही हाक ओळखून देण्याचे काम देवाने त्याच्याकडूनच करून घेतले. या कथेतील आणखी एका तपशिलाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शमुवेल त्या वेळी मंदिरात सेवा करीतच होता, आणि एवढा मोठा संदेश ऐकल्यानंतरही सकाळी उठून त्याने परमेश्वराच्या मंदिराचे दरवाजे उघडले, म्हणजे आपले नेहमीचे काम केले. मोशे कळप राखत होता, अलीशा नांगर धरून होता, पेत्र आणि अंद्रिया समुद्रात जाळे टाकीत होते. हातात काम असलेल्या माणसाला बोलावण्याची देवाची रीत पवित्र शास्त्रात पुन्हा पुन्हा दिसते, आणि म्हणूनच पाचारणाचा शोध घेणाऱ्याने आधी हातात काम घ्यावे असे मी म्हणतो.

धर्मसुधारणेच्या काळापासून मंडळीने पाचारणाची दोन अंगे मानली आहेत. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने लिहिले की सेवकाच्या अंतःकरणाला देवापुढे जाणवणारे एक गुप्त पाचारण असते आणि मंडळीने सर्वांसमक्ष दिलेले एक बाह्य पाचारण असते. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखिया येथील मंडळी उपासना आणि उपवास करीत असताना पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल, म्हणजे पुढचा पौल, यांना वेगळे करण्यास सांगितले. त्या दोघांवर हात ठेवून मंडळीनेच त्यांना पाठवले. आपल्या उत्तर भारताच्या मंडळीची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना याच नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून झाली, आणि तिची पद्धतही याच विचारावर उभी आहे. कोणीही केवळ स्वतःच्या इच्छेने पाळक होत नाही. स्थानिक समितीची शिफारस लागते, धर्मप्रांताची निवड लागते, धर्मज्ञानाचे शिक्षण लागते, आणि त्यानंतर आधी डीकन (साहाय्यक सेवक) व मग प्रेसबिटर (पूर्ण पाळक) म्हणून दीक्षा होते. कॅथलिक बांधवांकडेही हा मार्ग लांबच असतो. आपल्या सेमिनरी हिल्सला ज्या संस्थेमुळे नाव मिळाले त्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकणाऱ्या तरुणांची पारख वर्षानुवर्षे चालते. या दीर्घ वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी एक उन्हाळा सेवेत घालवणे ही फार मोठी मागणी नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी बोलू. उन्हाळी सेवा म्हटली की आपल्याला सर्वप्रथम मुलांची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतील बायबल शाळा, आठवते. गाणी, गोष्टी, पाठांतर, शेवटच्या दिवशीचा कार्यक्रम हे सारे चांगले आहे आणि ते चालू राहावे. परंतु तेथे कामाचा आराखडा तयार असतो, मुले उत्साही असतात आणि पालक कौतुक करतात, त्यामुळे पारख फारशी होत नाही. माझा आग्रह इस्पितळातील सेवेचा आहे.

आपण सर्वजण मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन सरकारी इस्पितळांच्या आवारातून कधी ना कधी गेलो आहोत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथून, सीमेपलीकडच्या बालाघाट आणि छिंदवाड्याहून, छत्तीसगडहून रुग्ण तेथे येतात. रुग्णाला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेले नातेवाईक व्हरांड्यात, झाडाखाली, चादर अंथरून दिवस काढतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, आणि त्या उन्हात एखादी आई रेशन कार्डाची प्रत आणि तपासणीचे कागद घेऊन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत असते. आपल्या तरुणांनी तेथे पाणी द्यावे, कागद भरून द्यावेत, एक्स-रेची खोली दाखवावी, रक्तपेढीपर्यंत सोबत जावे. पहिला आठवडा अशा धावपळीत जातो, आणि आपण उपयोगी पडतो आहोत याचे समाधान मिळते.

त्यानंतर खरा काळ सुरू होतो. कागद भरून झालेले असतात, तपासणीचा अहवाल उद्या येणार असतो आणि करण्यासारखे काहीच उरलेले नसते. आता फक्त त्या माणसाजवळ बसायचे असते. काही तरुण अशा वेळी मोबाईल काढतात, काही दुसरे काम शोधून निघून जातात, काही लगेच उपदेश सुरू करतात. आणि कोणी एखादी मुलगी त्या आईला तिच्या गावाचे नाव विचारते, मोहफुले किती वेचली, तेंदूपत्त्याचा हंगाम कसा गेला, घरी धाकट्याला कोणाजवळ ठेवून आलात, असे विचारते आणि उत्तर संपेपर्यंत थांबते. पाळकीय सेवेचा मोठा भाग हाच आहे. मृत्यूच्या घरी, तुरुंगाच्या भेटीत, मोडत चाललेल्या संसारात पाळकाला पुष्कळदा करण्यासारखे काही नसते, तरीही तेथून उठून जाता येत नाही. वेदीवरून बोलण्याची आवड अनेकांना असते आणि ती वाईट नाही. पण काही करता येत नसताना थांबण्याची ताकद किंवा निदान तिची ओढ दिसली, तर तिची नोंद अधिक गांभीर्याने घ्यावी.

ऐकण्याच्या या कामाला आपल्या शहरात जुना वारसा आहे. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपण रोज पाहतो ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालवीत असतानाच त्यांनी या प्रदेशातील गोंड लोकांची भाषा आणि त्यांच्या कथा-गीते नोंदवून ठेवली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला आणि त्यांची टिपणे मध्य प्रांताचे तेव्हाचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. सांगण्यासाठी आलेल्या माणसाने इतके ऐकून लिहून ठेवले, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रात फार मोलाची वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. इस्पितळातील गरजू माणूस मदत नाकारण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून त्याच्या खाटेशी पत्रके वाटू नयेत, मदतीच्या बदल्यात कोणतीही अपेक्षा ठेवू नये, आणि कोणी स्वतःहून विचारले तर आपण कोण आहोत हे संकोच न करता सांगावे. कोणी प्रार्थना करण्यास सांगितले तर अवश्य करावी. मनुष्याचा पुत्र सेवा करून घेण्यास नव्हे तर सेवा करण्यास आला, हे वचन मानणाऱ्याच्या सेवेत आमिषाला जागा नाही.

आता मंडळीच्या वडीलधाऱ्यांना उद्देशून बोलतो, कारण हा विषय केवळ तरुणांचा नाही. आपल्या कित्येक घरांत उन्हाळा हा कमाईचा हंगाम असतो. बारावी झालेला मुलगा लग्नसराईत केटरिंगच्या कामावर जातो, कूलरला खस लावण्याचे आणि पंपदुरुस्तीचे काम करतो, घरोघरी सामान पोहोचवतो, आणि त्या पैशांतून त्याची पुढच्या वर्षाची फी भरली जाते. आपण त्याला सेवेसाठी बोलावतो आणि हातावर काहीच ठेवत नाही, तेव्हा त्याच्यासमोर खरी निवड उरत नाही. पाचारणाची पारख करण्याची संधी मग ज्यांच्या घरी उन्हाळ्याच्या कमाईवाचून चालते त्यांच्याच मुलांना मिळते, आणि पुढे तेच पाळक होतात. सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर आपली उपजीविका करावी असे प्रभूने ठरवले आहे, हे पौलाने करिंथकरांना लिहिले. त्याच करिंथात तो स्वतः तंबू शिवून पोट भरत होता, म्हणजे उपजीविकेचा प्रश्न त्याला ठाऊक होता. माझी समितीला कळकळीची विनंती आहे की उन्हाळी सेवकाला तो बाहेर कमावील त्याच्या जवळपास जाईल इतके मानधन द्यावे. कापणीच्या सणाच्या अर्पणातून एवढी रक्कम बाजूला काढणे आपल्याला अशक्य नाही.

मुलींविषयीही असेच म्हणावे लागेल. आपल्या मंडळीत स्त्रियांना दीक्षा घेता येते, पण इस्पितळात संध्याकाळपर्यंत थांबायचे तर घरून परवानगी मिळत नाही. दोन-दोन मुलींची जोडी करून सोबत एखादी अनुभवी परिचारिका-भगिनी दिली तर ही अडचण सुटते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आपल्या या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना सोबत घेऊन गेल्या. त्यांच्याकडे कोणतेही दीक्षित पद नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण उन्हाळ्याच्या अखेरीस एखाद्या मुलीला किंवा मुलाला असे दिसेल की आपली ओढ वेदीकडे नसून परिचर्येकडे, शिक्षणाकडे किंवा कायद्याकडे आहे, आणि ते उत्तरही देवाकडून आलेले उत्तर म्हणून स्वीकारले पाहिजे.

प्रत्येक सेवकाला एक मार्गदर्शक असावा, आणि तो शक्यतो नात्यातला नसावा. आठवड्यातून एकदा दोघांनी निवांत बसावे. किती लोकांना भेटलास हे मार्गदर्शकाने विचारू नये. कोणाला टाळलेस, कोणाचा राग आला, प्रार्थना कोणत्या दिवशी कोरडी गेली, कोण तुला शोधत आले, हे विचारावे. यांतील शेवटच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. काही तरुणांपाशी माणसे आपोआप मन मोकळे करतात आणि त्या तरुणांना स्वतःला त्याची कल्पनाही नसते. ते त्यांना दाखवून देणे हे एलीचे काम आहे. वॉर्डातील परिचारिकेचे आणि सफाई कर्मचाऱ्याचे मतही घ्यावे, कारण पाळकासमोर सारेच नीट वागतात.

मध्येच परत येणाऱ्यांविषयी थोडे. एखाद्याला ऊन लागेल, एखाद्याला पहिला मृत्यू पाहून सहन होणार नाही. त्याची चर्चा मंडळीभर होऊ देऊ नये. पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या सुवार्ता-प्रवासात पंफुल्या प्रांतात योहान मार्क सोबत्यांना सोडून यरुशलेमेस परतला, आणि पुढे त्याला बरोबर न्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद झाला. तोच पौल अखेरच्या काळात आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. या दोन प्रसंगांच्या मध्ये बरीच वर्षे गेली आणि बर्णबाने मार्काला सोबत ठेवले होते.

पालकांची काळजी मला समजते. पाळकाचे वेतन बेताचे असते, बदली होते, मुलांच्या शाळा बदलतात, घर मंडळीचे असते. यांतील काहीही मुलांपासून लपवू नका आणि त्याची भीतीही घालू नका. शक्य असेल तर एखाद्या पाळकाच्या कुटुंबात त्यांना एक दिवस राहू द्या. ज्यांना उन्हाळ्यानंतरही ओढ वाटेल त्यांनी लगेच सेमिनरीचा अर्ज मागू नये. पदवी पूर्ण करावी, मंडळीत काम करीत राहावे आणि वर्षभराने मार्गदर्शकाच्या अहवालासह समितीसमोर यावे.

सेवेचे अर्ज उपासनेनंतर सभागृहात मिळतील. अर्जात घरच्या उत्पन्नाविषयी एक रकाना आहे. ज्यांना उन्हाळ्यात कमावणे भाग आहे त्यांनी तो मोकळेपणाने भरावा. तो मजकूर पाळक आणि खजिनदार यांच्याखेरीज कोणीही वाचणार नाही, आणि मानधन ठरवताना सर्वप्रथम त्याच अर्जांचा विचार होईल.