गाणं कुणाच्या नावावर?

[पडद्यावर: अंधारी खोली. फिरणारी तबकडी, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रेषांचं कागदी चक्र. बाजूला निऑनचा इवलासा दिवा.]

चक्र फिरतंय, पण रेषा जागच्या जागी उभ्या आहेत. म्हणजे वेग बरोबर. या चक्रावर 77 रेषा आहेत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, तिच्यावर निऑनचा दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. मिनिटाला झाले 6000. त्याला 77 नं भागा, उत्तर येतं 77.92. 78 ची रेकॉर्ड, म्हणजे मिनिटाला सुमारे 78 फेरे घेणारी जुनी तबकडी, याच वेगानं फिरायला हवी. रेषा पुढे सरकायला लागल्या तर वेग जास्त, मागे जायला लागल्या तर कमी. खोलीतले एलईडी दिवे बंद आहेत ते याचसाठी. चांगला एलईडी लुकलुकत नाही, त्याच्या उजेडात रेषांचा नुसता राखाडी पट्टा दिसतो.

वेगात सहा टक्क्यांची चूक झाली की अख्खं गाणं अर्ध्या स्वरानं चढतं. पेटीच्या पट्टीत सांगायचं तर पांढरी एकचं काळी एक होतं. गायिकेचा आवाज कोवळा वाटतो, ठेका उगाच तरतरीत होतो आणि ऐकणारा नकळत एक गुण जास्त देऊन बसतो. ऐंशी-नव्वद वर्षांतली गाणी एका रांगेत उभी करायची तर सुरुवात इथून करावी लागते.

[पडद्यावर: जुनं नाशिक. सराफ बाजारामागची गल्ली, वाड्याचा लाकडी जिना, माडीवर मांडलेली रेकॉर्डची खोकी.]

या माडीवर सात-आठ माणसं जमतात. कुणी शाळेतून निवृत्त झालेलं, कुणी बँकेतून, एकजण अजून रेडिओ दुरुस्त करतो. काम एकच: चित्रपटांसाठी लिहिलेल्या, पारितोषिक मिळालेल्या किंवा नामांकनापर्यंत जाऊन हात हलवत परतलेल्या गाण्यांची दशकवार क्रमवारी लावणं. दुपारी दोन ते पाच. त्यानंतर खाली गाड्यांचे हॉर्न आणि वर आरत्यांच्या घंटा सुरू होतात, मग ऐकण्यात अर्थ उरत नाही.

पहिली अडचण यादीचीच. पारितोषिक कशाला मिळालं? ऑस्करमध्ये गाण्याचा विभाग 1934 च्या चित्रपटांपासून आहे. पहिला मान 'द गे डिव्होर्सी'मधल्या 'द कॉन्टिनेन्टल'ला. तिथे बाहुली मिळते ती शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला. गाणाऱ्याला मिळत नाही. म्हणून 'जय हो'साठी मंचावरून नावं पुकारली गेली ती ए. आर. रहमान आणि गुलजार यांची, आणि 'नाटू नाटू'साठी कीरवाणी आणि चंद्रबोस यांची.

आपल्याकडे उलटं. फिल्मफेअर 1954 मध्ये सुरू झालं. पहिल्या दोन वर्षी संगीतकाराचं पारितोषिक एकेका गाण्यासाठी होतं, पुढे ते सगळ्या चित्रपटाच्या संगीतासाठी झालं. गीतकाराला आणि गायकाला 1959 पर्यंत जागाच नव्हती. ती मिळाली तेव्हा पहिले मानकरी होते 'यहुदी'मधल्या 'ये मेरा दीवानापन है'साठी शैलेंद्र आणि 'मधुमती'मधल्या 'आजा रे परदेसी'साठी लता मंगेशकर. स्त्री आणि पुरुष गायकांचे विभाग वेगळे व्हायला 1968 उजाडलं. सगळ्यांना मिळून 'गाणं' म्हणून एक पारितोषिक मात्र फिल्मफेअरमध्ये नाहीच. गाण्याचे तुकडे करून वाटायचे, ही आपली पद्धत.

त्यामुळे या माडीवरच्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे तीन रकाने आहेत: शब्द, चाल, आवाज. गाण्याला कुठल्याही एका रकान्यातून पारितोषिक वा नामांकन मिळालं असेल तर ते यादीत येतं. पण रकान्यांचा क्रम ठरलेला. गीतकाराचं नाव पहिलं.

[पडद्यावर: पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक. पावसानं धुतलेली पायवाट.]

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाल्यावर बिऱ्हाड नाशकात आणून त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' इथेच केला. मुके चित्रपट, गाण्याचा प्रश्नच नव्हता. तो आला 1931 साली 'आलम आरा'बरोबर. तेव्हापासून फिल्मफेअर सुरू होईपर्यंतच्या वीस-बावीस वर्षांत आपल्याकडे गाण्यांना फिल्मफेअरसारखी पारितोषिकं नव्हती, म्हणून वहीतली ही पानं जवळजवळ सगळी अमेरिकेची आहेत. 'संत तुकाराम' 1936 चा. त्यातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी लिहिलं. ते इतकं जमलं की अनेकांना ती तुकोबांचीच रचना वाटली. यापेक्षा मोठी पावती कुठल्या गीतकाराला मिळणार? यादीत मात्र ते बसत नाही. नियम म्हणजे नियम.

अमेरिकेच्या पानांवरही सगळं सरळ नाही. 1935 मध्ये 'चीक टू चीक' नामांकनात राहिलं. 1937 मध्ये संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी'वर 'स्वीट लेइलानी'नं मात केली. गर्श्विनला मिळालेलं ते एकमेव नामांकन, तेही तो गेल्यानंतर. आणि 1941 मध्ये 'लेडी बी गुड'मधल्या 'द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस'ला पारितोषिक मिळालं, तेव्हा ते गाणं मुळी चित्रपटासाठी लिहिलेलंच नव्हतं. त्यावरून नियम बदलला: गाणं त्या चित्रपटासाठीच रचलेलं हवं. माडीवरच्या मंडळींनी हा नियम जसाच्या तसा उचलला आहे. त्यामुळे 'कट्यार काळजात घुसली' या 2015 च्या चित्रपटातली जुनी नाट्यपदं बाद, कारण ती पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 1967 च्या नाटकातली. महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारं 'अरुणी किरणी' नवं, म्हणून ते आत.

साल कुठलं धरायचं हा दुसरा घोळ. 'रूप तेरा मस्ताना'चा चित्रपट 1969 चा, किशोर कुमारांचं फिल्मफेअर 1970 चं. समारंभाचं साल धरलं तर गाणं दशक ओलांडून जातं. राष्ट्रीय पुरस्कारात सेन्सॉरच्या दाखल्याचं साल चालतं, म्हणून 'जोगवा' 2008 च्या पुरस्कारांत आहे आणि चित्रगृहात आला 2009 मध्ये. इथे सोपं केलंय: चित्रपटाचं साल, आणि दोन साली दिसली तर आधीचं.

[पडद्यावर: हातात लाखेची तबकडी. कडेला पांढरी बुरशी. कापसाचा बोळा, स्पिरिटची बाटली.]

"अहो काका, थांबा! लाखेची आहे ती. स्पिरिट नको."

"मग काल त्या एलपीला लावलं ते?"

"ती विनाइल, म्हणजे प्लास्टिकची. तिला चालतं. ही विरघळेल."

हा प्रसंग कॅमेऱ्यासमोर आपोआप घडला. 78 च्या रेकॉर्डमध्ये लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. एकदा बोळा फिरला की खाचांच्या कडा गेल्या, नंतर कितीही पुसा. लाखेला डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, मधलं लेबल कोरडं ठेवायचं, आणि उभी करून सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली तर वाकते.

सुईसुद्धा बदलावी लागते. 78 ची खाच रुंद, तिला साधारण 3 मिलची सुई लागते; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एलपीची एक मिलपेक्षाही बारीक. एलपीची सुई 78 वर टेकवली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते, तिथे वर्षानुवर्षांचा कचरा असतो, आणि ऐकू येते ती नुसती खरखर. त्यात रेकॉर्ड मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. ॲम्प्लिफायर मोनोवर टाकला की निम्मी खरखर तिथेच मरते. स्टीरिओवर ठेवून 'जुनं रेकॉर्डिंग वाईट' म्हणणारे बरेच असतात.

[पडद्यावर: तबकडीच्या लेबलचा क्लोजअप. सुई टेकते.]

'बैजू बावरा', 1952. यातल्या 'तू गंगा की मौज'साठी नौशाद पहिल्याच फिल्मफेअरचे मानकरी झाले. शब्द शकील बदायुनींचे. गीतकाराचा विभाग तेव्हा नसल्यामुळे त्यांच्या हाती काही नाही. त्याच चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासमोर 'आज गावत मन मेरो' गायला बसले ते पंडित डी. व्ही. पलुस्कर. जन्म 1921, नाशिकचा. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचे चिरंजीव. अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. नियमानं या जुगलबंदीला क्रमवारीत जागा नाही, तरी या माडीवर प्रत्येक बैठकीच्या आधी ती एकदा वाजते. नाशिककरांनी एवढा पक्षपात करायला हरकत नसावी.

[पडद्यावर: गोदावरीचा पूर. दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात.]

हा पूर इथे कशाला? पावसाळा दाखवायला. दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागलं यावरून नाशिक पूर मोजतं, आणि याच दिवसांत माडीवरच्या एलपींच्या कव्हरांना बुरशी धरते. कव्हरं वेगळी वाळवायची आणि रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. एवढंच. पण शॉट चांगला मिळाला आहे.

[पडद्यावर: लॅपटॉपवर ध्वनीचा आलेख. दोन गाणी शेजारी: एक डोंगरदऱ्यांसारखं, दुसरं सपाट विटेसारखं.]

डावीकडचं 1960 च्या सुमाराचं, उजवीकडचं गेल्या दहा वर्षांतलं. नवं गाणं दाबून-दाबून मोठं केलेलं असतं. दोन्ही एकाच व्हॉल्यूमवर लावली तर नवं नेहमी जिंकतं, कारण कानाला मोठं तेच चांगलं वाटतं. म्हणून सगळी गाणी आधी संगणकात घेऊन वजा 23 एलयूएफएसवर आणली जातात. हा प्रसारणात वापरला जाणारा सरासरी आवाजाचा आकडा. नवी गाणी खाली येतात, जुनी जागेवर राहतात, आणि मग कळतं की मोठ्या आवाजाशिवाय कुणाकडे काय आहे.

कुठली आवृत्ती ऐकायची हेही ठरलेलं आहे: चित्रपटात जी आहे ती. 78 च्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटंच मावायची. लांब गाणं दोन बाजूंवर तोडायचं, नाहीतर एखादं कडवं गाळायचं. गाळलं गेलेलं कडवं शब्दांच्या रकान्यात मोजायचं की नाही यावर इथे दोनदा चहा थंड झालेला आहे. निर्णय झाला: मोजायचं. पारितोषिक चित्रपटातल्या गाण्याला होतं.

[पडद्यावर: एक बाई कागदावरून गाण्याचे शब्द वाचताहेत. बाकीचे डोळे मिटून.]

ही या पद्धतीतली खास गोष्ट. गाणं लावण्याआधी शब्द नुसते वाचायचे, चालीशिवाय. मग पेटीवर चाल, शब्दांशिवाय. शेवटी गाणं. गुण दहापैकी: शब्दांना चार, चालीला चार, आवाज आणि वाद्यमेळ मिळून दोन. 'इजाजत'मधलं 'मेरा कुछ सामान' या वाचनात सगळ्यांत वर जातं, कारण ते मुळात मुक्तछंदातली कविता आहे. त्यासाठी गुलजार आणि आशा भोसले दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. असल्या शब्दांना चाल लावणाऱ्या राहुल देव बर्मनना नाही. उलट चालीवर बेतलेली गाणी वाचनात मार खातात. 'नाटू नाटू' कोरडं वाचा, काहीच हाती लागत नाही. शिवाय ते तेलुगू. म्हणून नियम: ज्याला भाषा येत नाही त्यानं शब्दांचा रकाना कोरा सोडायचा. भाषांतराला गुण द्यायचे नाहीत.

गुणांतही गफलत होते. एकजण सगळ्यांना पाच ते सात देतो, दुसरा दोनपासून दहापर्यंत. सरासरी काढली की दुसऱ्याचंच राज्य. म्हणून प्रत्येकाच्या गुणांचे आधी क्रमांक करतात, मग क्रमांकांची बेरीज. वरच्या पाच गाण्यांची पुन्हा जोडीजोडीनं तुलना: पाच गाण्यांच्या दहा जोड्या. वीस घेतली असती तर 190, आणि बाराव्या गाण्यानंतर कान ऐकत नाहीत, फक्त माना डोलतात.

नामांकनातली गाणी इथेच वर येतात. 1961 ला संगीताचं फिल्मफेअर 'दिल अपना और प्रीत पराई'ला गेलं, 'मुगल-ए-आझम' नामांकनात राहिला. 1973 ला 'बेईमान' जिंकला, 'पाकिजा' हरला. आणि 1985 ला किशोर कुमार स्वतःशीच लढले: गायकाची चारही नामांकनं त्यांची, चारही गाणी 'शराबी'ची.

[पडद्यावर: वहीतलं 'जोगवा'चं पान. पहिल्या रकान्यावर बोट.]

'जीव रंगला'. हरिहरन, श्रेया घोषाल आणि संगीतकार अजय-अतुल, तिघांच्याही नावावर राष्ट्रीय पुरस्कार. श्रेयाचा पुरस्कार याच्यासोबत 'अंतहीन' या बंगाली चित्रपटातल्या 'फेरारी मोन'साठीही होता. त्या वर्षी शब्दांचा पुरस्कार त्या 'फेरारी मोन'ला गेला. 'जीव रंगला' लिहिणारे संजय कृष्णाजी पाटील यांचा रकाना रिकामा. 'दोघी'तल्या 'भुई भेगाळली खोल'चंही तसंच. अंजली मराठे यांना 1995 चा राष्ट्रीय पुरस्कार, ना. धों. महानोरांच्या शब्दांना तो नाही. वहीत या दोन्ही रकान्यांत पेन्सिलीनं गीतकारांची नावं लिहिलेली आहेत, मोठ्या अक्षरांत.

मराठी गाण्यांची बैठक तीन गाण्यांवर अडली. पहिलं दुसऱ्याला हरवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि तिसरं पहिल्याला. मोजणीत चूक नव्हती, असं होतं. अशा वेळी ज्याला शब्दांत जास्त गुण ते वर, हा नियम आधीच लिहून ठेवलेला होता. गायकाच्या बाजूचे दोघे तेव्हापासून येत नाहीत. यादी छापून झाली, तिच्यावरून गाण्यांचा कार्यक्रमही ठरला, आणि निमंत्रणपत्रिकेवर फोटो छापले गेले ते गायकांचेच.