साठवायचं की मुरवायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की होतं बरोबर एक लिटर पाणी. म्हणजे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस असलेल्या प्रदेशातही एका हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी पडतं. पडतं, आणि बहुतेक सगळं वाफ होऊन जातं. ते अडवायचं कुठे?

हल्ली ही जागा आधी संगणकावर शोधतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर अंतराळयानानं अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची रडारनं मोजली. ती माहिती आज फुकट मिळते, साधारण ३० मीटरच्या चौकोनांत. प्रत्येक चौकोनाला शेजारी आठ. ज्या शेजाऱ्याकडे उतार सर्वांत जास्त, तिकडे पाणी जाणार, असं धरत गेलं की पडद्यावर ओघळी, ओढे, नद्या उमटत जातात. बघत बसावं असं असतं ते. मग पाऊस, माती, उतार, झाडोरा असे थर एकावर एक ठेवायचे, प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे गुण द्यायचे, की नकाशा रंगतो: हिरवं ते योग्य, लाल ते अयोग्य.

योग्य, पण कशासाठी? तळ्याच्या तळाला चिकणमाती हवीच. तेच पाणी जमिनीत मुरवायचं असेल, तर तीच चिकणमाती वैरीण. तिथे वाळू हवी, भेगाळलेला खडक हवा. शिवाय रखरखीत भागात उघड्या तळ्यावरून वर्षाला दोन मीटरहून जास्त उंचीचं पाणी उडून जाऊ शकतं. म्हणून केनियात कोरड्या नद्यांवर बंधारे घालून त्यामागे वाळू साचू देतात आणि पाणी वाळूच्या पोटात ठेवतात. तळं, पाझर तलाव आणि असा बंधारा, तिघांना मिळून एकच नकाशा काढणं मला तरी पटत नाही.

गुणांचंही तसंच. ते उपग्रह देत नाही, टेबलाशी बसलेला माणूस देतो. इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात पाऊस वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर. तिथली माती पाऊस लागताच वरून साय धरल्यासारखी घट्ट होते, पाणी मुरतच नाही. तिथल्या उघड्याबोडक्या टेकड्यांना नकाशात शून्य गुण मिळाले असते. पण दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी त्याच टेकड्यांवरून धावणारं पाणी खालच्या शेतात वळवलं. एक एकर शेताला वीस-तीस एकर टेकडी, असं प्रमाण. मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस नेगेवमधल्याच अवदात इथं असं शेत पुन्हा उभं केलं, आणि ते पिकलं. शेताची जागा खाली होती, पण तिचे गुण वरच्या टेकडीत होते.

आणि ३० मीटरच्या चौकोनात पाच मीटरची ओघळ दिसत नाही, हेही आहेच. तेव्हा नकाशा घेऊन उन्हात चालावं लागतं. झुडपांना अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते पाहायचं, म्हणजे लोंढा कुठवर चढतो ते कळतं. गुरं चारणाऱ्यांना विचारायचं. बांध घातल्यावर खालच्या वस्तीचं पाणी तुटेल का, हेही तिथेच कळतं. मग ठरलेल्या जागी हातभर खड्डा खणून त्यात पाणी भरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघायचं, किती उरलंय ते.

नमस्कार.