उकिरड्याखालची जमीन

(दृश्य: पहाट. ढिगावर बगळे. लांब वस्तीतले दिवे.)

सांगलीत समडोळी रस्ता, मिरजेत बेडग रस्ता. या बाजूला कुणाचं घर शोधायला निघालात, तर कचरा डेपोच्या अलीकडे की पलीकडे, हे आधी विचारतात. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून एक महापालिका झाली. कचऱ्याचे डेपो मात्र दोन राहिले. शहर गुंठ्या-गुंठ्याने वाढत डेपोकडे सरकत आलं. अशा तुकड्यांवरची विनापरवाना घरं नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, तोवर कितीतरी घरांच्या भिंती उभ्या होत्या.

(दृश्य: पोकलेन.)

बकेट ढिगात घुसलं की आधी वाफ निघते. आत कचरा अजून कुजतोय. हवा न लागता कुजला की मिथेन तयार होतो. उन्हाळ्यात डेपो पेटतो आणि वरून कितीही पाणी मारलं तरी आत धुमसत राहतो, त्यात या वायूचाही हात असतो.

जुना कचरा असा उपसून, वेगळा करून जागा मोकळी करायची, याला बायोमायनिंग म्हणतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी जुन्या डेपोंसाठी हा मार्ग सांगितला.

उपसलेलं लगेच चाळत नाहीत. आधी लांब राशी घालतात, साधारण पुरुषभर उंच. त्यावर जिवाणूंचं कल्चर फवारतात आणि दर आठवड्याला रास उलटीपालटी करतात. शेणखताचा खड्डा ज्यांनी उपसलाय, त्यांना यातलं काही नवीन नाही. हवा खेळली की ओल उडते, वास मरतो, रास खाली बसते.

(दृश्य: ट्रॉमेल सुरू होतो. इथं निवेदन थांबवा, यंत्राचा आवाज तसाच राहू द्या.)

सांगलीकरांनी हळद पॉलिश करायचा ड्रम पाहिलेला असतो. ट्रॉमेल त्याचाच थोरला भाऊ. आडवा, जाळीचा, एका बाजूला किंचित उतरता. एका तोंडाने कचरा आत जातो, फिरता फिरता माती जाळीतून खाली गळते आणि प्लास्टिक, चिंध्या, चपला दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतात. ते पेटतं, म्हणून गाठोडी बांधून सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातं. विटा-दगड भरावाला.

(दृश्य: जवळून, जाळी.)

मध्येच यंत्र थांबवलं. जाळीत काळी, चकाकती दोरी घट्ट गुंडाळली गेली होती. कामगाराने ती विळ्याने कापून काढली. कॅसेटची फीत होती. शेजारी शाम्पूच्या पुड्या पडल्यात; वरची छपाई उडालीय, पुडी कुठे उसवलेली नाही.

(दृश्य: भिजलेल्या गाद्या, चिखल, २०१९ चं जुनं चित्रीकरण.)

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी उतरल्यावर घरं धुऊन निघाली आणि सगळं रस्त्यावर आलं: गाद्या, कपाटं, कुजलेलं धान्य. शहरात तेव्हा वेगळं करत बसायला कुणाला उसंत होती? सगळं तसंच डेपोवर आलं.

(दृश्य: पट्ट्यावर काम करणाऱ्या बायका. फक्त हात.)

काच, लोखंड, बाटल्या इथं हातानेच निघतात. यंत्राला जे ओळखता येत नाही, ते या हातांना कळतं. ओला-सुका वेगळा करायचा आपला कंटाळा शेवटी यांच्या बोटांत रुततो.

(दृश्य: मोकळी झालेली जमीन.)

हा तुकडा साफ झाला, असं म्हणतात. ढीग गेला, हे खरं. पण कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी इतकी वर्षं याच मातीत मुरलंय. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आणि पहिल्या पावसात त्या भेगांतून पाणी सरळ खाली उतरतं. बॅटऱ्या, जुने रंग, ट्यूबलाइट यांतलं शिसं, कॅडमियम, पारा कुजत नाही. ट्रॉमेल माती गाळतो. तिच्यात काय मुरलंय, हे प्रयोगशाळेतच कळतं. चाळलेली माती खत म्हणून शेतात जाण्याआधीही तपासायलाच हवी.

(दृश्य: हातपंप, घागर.)

आजूबाजूचे लोक पाणी विकत आणतात.

(दृश्य: नकाशा.)

मोकळ्या जागेवर बाग म्हणतात, मैदान म्हणतात, घरकुलंही म्हणतात. २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. या जमिनीकडेही त्याच नजरेनं पाहायला हवं. आधी बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवरची माती आणि पाणी तपासा, अहवाल वस्तीत वाचून दाखवा, मग नकाशावर रंग भरा. जिथं अजून वायू निघतो, जमीन खचते, तिथं घराचा पाया घालायची घाई कुणीही करू नये.

(दृश्य: संध्याकाळ. मोकळ्या जागेवर क्रिकेट.)

विटांचे स्टंप याच ढिगातून निघालेले. बोलर जिथं पाय आपटतो, तिथली माती उकरली गेलीय आणि निळ्या पिशवीचं टोक वर आलंय. तो दर बॉलआधी ते बुटाने आत दाबतो.