व्हॉल्व्ह तापू द्या

श्रोतेहो, नमस्कार. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ असलेल्यांना आठवत असेल, बटण फिरवलं तरी आवाज लगेच यायचा नाही. आत काचेच्या नळ्या, म्हणजेच व्हॉल्व्ह, लालसर व्हायच्या आणि मग गाणं हळूहळू वर यायचं. गिटारवाले आजही आपल्या अँप्लिफायरमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रात, त्याच नळ्यांसाठी जीव टाकतात. याला मी नुसती जुन्याची हौस म्हणणार नाही.

या कथेची सुरुवातही रेडिओपासूनच होते. कॅलिफोर्नियात फुलरटनला लिओ फेंडर यांनी 1938 मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. त्यांना स्वतःला गिटार येत नव्हती. पुढे त्यांच्या कंपनीनं बास गिटारसाठी बासमन नावाचा अँप्लिफायर काढला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यात दहा इंची चार स्पीकर होते. तो उचलून धरला मात्र सहा तारांच्या गिटारवाल्यांनी. आवाज चढवला की तो फाटायचा, आणि फाटतानाच गोड व्हायचा.

असं का? व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला, की लाटेचा माथा एकदम छाटला जात नाही, आधी गोलाईनं दबतो. त्यातून मूळ स्वरावर उपस्वर चढतात. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की एकेक तार कशी भरून बोलते, ते आठवा. शिवाय हे सगळं बोटांच्या ताब्यात असतं. तार हळू छेडली तर स्वर स्वच्छ येतो, जोर लावला तर गुरगुरतो. काही जुन्या अँपमध्ये (अँप्लिफायरचंच हे लाडकं नाव) रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा भाग, तोही व्हॉल्व्हचाच असतो. जोरात वाजवलं की आतलं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, मग सावरतं. स्वर दबतो आणि पुन्हा फुलतो. मला तर ते श्वास घेतल्यासारखं वाटतं.

1962 मध्ये लंडनच्या हॅनवेलमध्ये ड्रमर जिम मार्शल यांच्या दुकानात याच बासमनच्या सर्किटवरून जेटीएम 45 नावाचा अँप तयार झाला. सर्किट जवळजवळ तेच, स्पीकर ब्रिटिश, पुढे व्हॉल्व्हही ब्रिटिश. आवाज मात्र वेगळाच निघाला, आणि रॉकला तो मानवला.

जुना अँप हाती आला तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. जाणत्या कारागिराकडेच न्या. स्पीकर जोडल्याशिवाय तो चालूही करू नका.

दुरुस्त होऊन आला की नळ्या तापू द्या. अँपचा आवाज चढवा, आवाज बदलणारी पेडल बाजूला ठेवा आणि फक्त गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण कमी-जास्त करत एकच स्वर वाजवून पाहा.